सनद पाहून वाट धरावी : वकील आजोबांच्या मागावर सहा दिवस

आदला रविवार, घरीच

निघण्याआधी आजोबांचं घरात जे काही उरलं असेल ते एकत्र मांडावं. बहुतेक घरांतून दारावरची पाटी, भिंतीवरचा फोटो आणि लॉ रिपोर्टांचे, म्हणजे कोर्टाच्या छापील निकालांचे, चार-दोन सुटे खंड एवढंच निघतं. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, निघाली तर नशीब. पाटीवर नावाखाली काय कोरलंय ते नीट वाचा, कारण कोणत्या दारात जायचं ते ही ओळ ठरवते.

‘बॅरिस्टर’ असेल तर नाव लंडनच्या चार इन्सपैकी (बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थांपैकी) एकीच्या वहीत आहे : लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल किंवा ग्रेज इन. तो शोध घरबसल्या पत्रव्यवहारावर होतो. ‘हायकोर्ट वकील’ असेल तर मुंबई. ‘डिस्ट्रिक्ट प्लीडर’ (जिल्हा कोर्टातला वकील) असेल तर खरा शोध जिल्ह्याच्या गावी. एक फसगत नेहमीची आहे. १९२६ च्या बार कौन्सिल कायद्यानंतर हायकोर्ट वकील हे अ‍ॅडव्होकेट झाले. १९२४ च्या पत्राच्या कागदावर ‘वकील’ आणि १९३२ च्या लग्नपत्रिकेत ‘अ‍ॅडव्होकेट’ दिसलं म्हणून नंतर वेगळी परीक्षा दिली असं समजू नये. पाटी बदलली, माणूस तोच.

दुसरी फसगत आपल्या घरांतली : दत्तक. आजोबा दत्तक गेले असतील तर वडिलांचं नाव बदलतं, आडनावही बदलू शकतं. बी.ए. एका नावाने, सनद दुसऱ्या नावाने. दोन्ही नावं कागदावर लिहूनच निघा.

आणि हा मार्ग जुन्या मुंबई इलाख्याचा आहे. वऱ्हाड-नागपूरकडचे वकील मुंबईच्या वहीत सापडणार नाहीत. तिकडची अपिलं नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरकडे जात आणि १९३६ पासून नागपूरच्या हायकोर्टाकडे. मराठवाडा निजामाचा, तिथला कागद उर्दूत. तिकडची मंडळी उगाच फोर्टात पायपीट करतात.

दिवस पहिला, सोमवार : मुंबई हायकोर्ट

सोमवारी निघायचं ते पाच कामाचे दिवस सलग मिळावेत म्हणून. मे महिना, दिवाळी आणि नाताळ टाळा. सुटीत कचेरी उघडी असली तरी माहितगार कारकून रजेवर असतो. ओळखपत्र मूळ हवं.

हायकोर्ट १४ ऑगस्ट १८६२ ला सुरू झालं, पण आजची इमारत नंतरची. कर्नल जेम्स फुलरचा आराखडा, बांधकाम १८७१ ते १८७८, आणि जानेवारी १८७९ पासून इथे कोर्ट बसू लागलं. माथ्यावर न्याय आणि दया अशा दोन मूर्ती आहेत. सगळे त्यांचे फोटो काढतात. त्याहून मजेदार वस्तू खांबांच्या माथ्यावरच्या कोरीवकामात आहे : गळ्यात वकिलाच्या पांढऱ्या पट्ट्या बांधलेला कोल्हा, आणि एका डोळ्यावर पट्टी बांधून हातात तराजू धरलेला माकड न्यायाधीश. ठेकेदार कोर्टात हरला, त्याने दगडात सूड उगवला, अशी दंतकथा सांगतात. खरंखोटं असो, तुमच्या आजोबांच्या पिढीने तो कोल्हा रोज येता-जाता पाहिलेला आहे.

आत गेल्यावर एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर उद्याचे खंड वाचता येणार नाहीत. या कोर्टाच्या दोन बाजू. मुंबई शहरातले मोठे दावे थेट इथेच लागत, ती ओरिजिनल साइड. तिथे सॉलिसिटरने कागद तयार करायचे आणि बॅरिस्टरने किंवा त्या बाजूच्या अ‍ॅडव्होकेटने उभं राहायचं. साध्या वकिलाला तिथे बोलण्याचा हक्क नव्हता. जिल्ह्यांतून आलेली अपिलं अपेलेट साइडला, आणि हे वकिलांचं राज्य. मराठी माणसं इथेच जास्त सापडतात. काही बॅरिस्टरही इथेच सापडतात. डॉ. आंबेडकर ग्रेज इनचे बॅरिस्टर, १९२३ ला मुंबईत सनद घेतली, तरी काम अपेलेट साइडला केलं. अस्पृश्य बॅरिस्टरला काम देणारे सॉलिसिटर नव्हते.

दुसऱ्या मजल्यावर मधलं मोठं दालन, कोर्ट क्रमांक ४६. इथे जुलै १९०८ मध्ये टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती दावर, नऊ जणांची ज्युरी, सात विरुद्ध दोन असा कौल, सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. बाहेर संगमरवरी शिळेवर टिळकांचं शेवटचं वाक्य आहे. ती शिळा १९५६ मध्ये तेव्हाचे मुख्य न्यायाधीश छागलांनी बसवली. कोर्ट चालू असेल तर आत डोकावायला मिळेल ते दाराशी उभ्या पट्टेवाल्याच्या मर्जीवर.

‘आमचे आजोबा टिळकांचे वकील होते’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या फार घरांत ऐकू येतं. ते इथेच तपासून घ्यावं. १९०८ ला टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. भाषण एकवीस तासांच्या वर गेलं. १८९७ च्या पहिल्या राजद्रोह खटल्यात उभे राहिले कलकत्त्याचे बॅरिस्टर प्यू, सोबत दावर. हेच दावर पुढे न्यायमूर्ती झाले आणि अकरा वर्षांनी त्याच आशिलाला शिक्षा सुनावून बसले. १९१६ च्या जामीनकीच्या प्रकरणात जिना होते. प्रमुख नावं छापील आहेत, यादी लहान आहे. आजोबा तिच्यात नसतील तर दावा सोडायचं कारण नाही. टिळकांची दिवाणी प्रकरणं वर्षानुवर्षं चालली, दत्तकाचं ताईमहाराज प्रकरण तर पुण्यापासून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. तिथल्या कागदांत दुय्यम वकिलांना भरपूर जागा आहे.

दुपारी आवारातलं छोटं संग्रहालय पाहावं. जुन्या सनदा कशा दिसत ते डोळ्यांत भरून घ्या. पुढे सातारा-कोल्हापूरकडे तसा कागद समोर आला की ओळखता येतो.

दिवस दुसरा, मंगळवार : एल्फिन्स्टन कॉलेज आणि टाउन हॉल

काळा घोड्यासमोर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. उघडताच पोचा. बरोबर पेन्सिल, कोरे कागद, ओळखपत्र आणि एखाद्या कॉलेजचं किंवा संस्थेचं शिफारसपत्र. पत्र नसलं तर परवानगीतच सकाळ जाते. पेन आत चालत नाही.

मागायचं काय? ‘वकील’ या शब्दाखाली काही मिळत नाही. ज्युडिशियल डिपार्टमेंटच्या वर्षवार याद्या घ्यायच्या, त्यांत नेमणुका, सरकारी वकिलांच्या जागा, तक्रारी असे मथळे पाहायचे, आणि खंड क्रमांक व कंपायलेशन (खंडातली फाईल) क्रमांक दोन्ही स्लिपवर लिहायचे. एकच क्रमांक लिहिला की स्लिप परत येते. पाने ठिसूळ झाली असतील तर ‘ब्रिटल’ असा शेरा मारूनही परत येते. म्हणून एका वेळी दोन-तीन वेगळ्या वर्षांच्या स्लिपा द्याव्यात. जेवणाच्या सुटीआधी दिलेल्या स्लिपाच त्या दिवशी हाती लागतात असं धरून चाला.

आजोबा ‘रावसाहेब’ किंवा ‘रावबहादूर’ असतील तर काम सोपं. किताबांच्या याद्या नववर्षाला आणि बादशहाच्या वाढदिवसाला गॅझेटात येत. ती तारीख सापडली की घरातल्या कागदांचा काळही ठरतो : ज्या पत्रिकेवर किताब नाही ती आधीची.

दुपारनंतर टाउन हॉल. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुने लॉ रिपोर्ट आणि मुंबई विद्यापीठाची कॅलेंडरं, म्हणजे वार्षिक माहितीपुस्तकं, पाहायची. (दोन्हींचे बरेच खंड इंटरनेटवर स्कॅन आहेत, पण जुन्या छपाईचं शोधयंत्र फार चुकतं.) विद्यापीठाच्या कॅलेंडरात एलएल.बी. झालेल्यांची नावं वर्षवार असतात. तिथे नाव नाही म्हणून घाबरू नका. पदवी न घेताही हायकोर्टाची प्लीडरची परीक्षा देऊन सनद मिळे, आणि तालुक्याच्या कोर्टांतून अशी माणसं पुष्कळ होती. घरी त्यांचा ‘एलएल.बी.’ नंतर कोणीतरी प्रेमाने जोडलेला असतो.

आता लॉ रिपोर्ट. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासून, बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून. त्यातलं एक पान कसं वाचायचं ते पाहू. वर पक्षकारांची नावं, कोण अपेलंट (अपील करणारा), कोण रिस्पाँडंट (समोरचा पक्ष). कडेला तारीख. मग बारीक टाइपात सारांश. त्याखाली अपिलाचा नंबर, खालच्या कोर्टाचं नाव आणि तिथल्या न्यायाधीशाचं नाव : ठाण्याचा जिल्हा न्यायाधीश, वाईचा सब-जज्ज, असं. मग दोन ओळी, ज्या सगळे ओलांडून जातात : अमुक अपेलंटतर्फे, तमुक रिस्पाँडंटतर्फे. आजोबा असतील तर या दोन ओळींत. त्यानंतर न्यायमूर्तींचं नाव आणि निकाल. १८९३ ते १९०१ मधला असेल तर तिथे रानडे भेटण्याची शक्यता बरीच.

नाव शोधताना आडनावावर विसंबू नका. जुन्या खंडांत ‘महादेव चिमणाजी आपटे’ असं पूर्ण नाव येतं. नंतर ‘दाजी ए. खरे’, ‘महादेव बी. चौबळ’ अशी पद्धत आली, म्हणजे पहिलं नाव पूर्ण आणि वडिलांचं एका अक्षरात; त्याहीनंतर सगळीच आद्याक्षरं. शिवाय रोमन लिपीत महादेवाच्या शेवटी कधी ‘व्ही’, कधी ‘ओ’. वासुदेवाच्या सुरुवातीला कधी ‘व्ही’ कधी ‘डब्ल्यू’. एका माणसासाठी निदान सहा रूपं लिहून ठेवा.

आणि हेही लक्षात असू द्या की छापले जात ते कायद्याचा मुद्दा ठरवणारे निकाल. तीस वर्षं रोज कोर्टात गेलेल्या माणसाचं नाव चार वेळा छापलेलं असणं हे वाईट नाही, नेहमीचं आहे. खालच्या कोर्टात दावा चालवणारा वकील तर इथे येतच नाही. अपील मुंबईच्या वकिलाकडे सोपवलं जाई. मग अपिलाचा नंबर, खालचं कोर्ट आणि पक्षकारांची नावं उतरवून घ्या. वहीतला हा तपशील गुरुवारी साताऱ्यात उपयोगी पडतो.

संध्याकाळी पाच दहाची डेक्कन क्वीन. ती गाठायची तर टाउन हॉलमधून साडेचारला उठावंच लागतं.

दिवस तिसरा, बुधवार : पुणे

पेशवे दफ्तराच्या इमारतीवर अख्खा दिवस घालवू नका. तिथला मुख्य ठेवा पेशवाईचा आणि इनाम कमिशनचा. घराण्याला इनाम-वतन असेल तर जरूर जा, नाहीतर वकिलाच्या शोधात तिथे फारसं हाती लागत नाही. मोडीतला कागद घरी सापडला असेल तर मात्र जाणकार वाचक पुण्यातच गाठावा. भारत इतिहास संशोधक मंडळात विचारलं की नाव मिळतं. वाचकाने तारीख सांगितली की कालगणना विचारून घ्या. शक असेल तर ७८ किंवा ७९ मिळवायचे, शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, दख्खनी फसली असेल तर ५९० किंवा ५९१. या एका चुकीने आजोबा जन्माआधी वकील झालेले आम्ही पाहिले आहेत.

मृत्यूची तारीख पक्की करायला केसरी वाडा. घरात इंग्रजी तारीख कोणाला माहीत नसते, श्राद्धाची तिथी माहीत असते. वैशाख वद्य पंचमी एवढं कळलं आणि वर्ष अदमासाने माहीत असलं, तर जुन्या पंचांगावरून तीन-चार वर्षांच्या इंग्रजी तारखा काढा. ‘केसरी’ची मूळ परंपरा मंगळवारची, तिथीनंतरचे दोन-तीन अंक चाळले की निधनवार्ता बहुधा सापडते. ती त्रोटक असते, पण ‘येथील नामांकित वकील’ की ‘येथील जुने वकील’ यातला फरक वाचणाऱ्याला कळतो. १९२१ चे अंकही काढा. नागपूर काँग्रेसने डिसेंबर १९२० मध्ये वकिलांना कोर्ट सोडायला सांगितलं, आणि वकिली सोडलेल्यांच्या बातम्या त्या वर्षात येत राहिल्या. आजोबांच्या कामात १९२१-२२ ची पोकळी दिसत असेल तर आजाराआधी ही शक्यता पाहा. फेब्रुवारी १९२२ मध्ये असहकार थांबला, त्यानंतर पुष्कळजण गुपचूप परतले. ते मात्र छापून आलं नाही.

उरलेल्या वेळात वकिलांनी उभं केलेलं पुणं पायी पाहून घ्या. अप्पा बळवंत चौकाजवळचं आनंदाश्रम १८८८ चं. संस्कृत पोथ्या सांभाळणारी ही संस्था त्याच महादेव चिमणाजी आपट्यांच्या कमाईतून झाली, ज्यांचं नाव काल लॉ रिपोर्टात होतं. सार्वजनिक सभा १८७० ची, गणेश वासुदेव जोशींची. वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घ्यायला कोणी धजत नव्हतं तेव्हा या जोशींनी ते घेतलं.

दिवस चौथा, गुरुवार : सातारा

स्वारगेटहून पहिल्या एस.टी.ने निघावं, तीन तास धरा. रेल्वेने गेलात तर स्टेशन माहुलीकडे, गावापासून लांब. रिक्षात वेळ जातो.

साताऱ्याचं राज्य खालसा झालं १८४८ ला, तेव्हा इंग्रजी कोर्टाचा कागद त्यानंतरचाच. न. चिं. केळकरांनी टिळकांनी पुण्याला बोलवण्याआधी इथेच वकिली केली. इथलं रोजचं काम कशाचं होतं ते एका कायद्यावरून कळतं. १८७५ च्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर १८७९ चा दक्खन शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा आला, तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना. त्याने कोर्टाला कर्जखताच्या मागे जाऊन हिशेब मुळापासून उकरायचा अधिकार दिला. म्हणजे सावकाराने हजाराचं खत पुढे केलं तरी मूळ हातात किती दिले, व्याज किती चढवलं, हे विचारता येई. इथल्या वकिलाचं आयुष्य त्या वह्या उलटसुलट तपासण्यात गेलं. आजोबा सावकाराकडून होते की कुळाकडून, हे विचारायची तयारी ठेवा. बहुतेकजण दोन्हीकडून होते.

रेकॉर्ड रूमची मोठी अडचण अशी की तिथे वकिलाच्या नावाने काहीही लावलेलं नसतं. दावा लागतो तो कोर्ट, वर्ष, नंबर आणि पक्षकार यांवर. म्हणून आधी आशील शोधायचा. मुंबईत उतरवलेलं खालचं कोर्ट आणि पक्षकार ही एक वाट. दुसरी वाट गावच्या फेरफारांची. जमिनीचा निकाल लागला की फेरफाराच्या वहीत नोंद पडते आणि तिच्यात ‘कोर्टाचे हुकूमनाम्यावरून’ असं म्हणून दाव्याचा नंबर व साल दिलेलं असतं. तहसीलच्या अभिलेखात जुने फेरफार बघायला मिळतात. ज्या गावचे लोक आजोबांकडे येत असं घरात सांगतात, त्याच एक-दोन गावांचे पाहा. अख्खा तालुका घेऊ नका.

नंबर मिळाला की नक्कल अर्ज. पक्षकार नसलेल्या माणसाला कारण द्यावं लागतं. ‘कौटुंबिक इतिहासासाठी’ असं सरळ लिहावं. कोर्ट फी स्टँप, शोधाची फी, आणि कुठले कागद हवेत त्यांची नावं : निकालपत्र, हुकूमनामा (डिक्री), वकीलपत्र. नुसतं ‘सर्व कागद’ लिहिलं की अर्ज पडून राहतो. स्थानिक वकिलाच्या कारकुनाला सोबत घेतलं तर निम्मा वेळ वाचतो. हा अर्ज खरं तर निघण्याच्या महिनाभर आधीच एखाद्या वकिलामार्फत टाकून ठेवायला हवा. आज टाकून परवा नक्कल हातात, हे क्वचितच घडतं.

फाईल नष्ट झालेली असू शकते. १९१७ च्या कायद्याखाली जुन्या कागदांची विल्हेवाट लावतात. समन्स, तारखांचे अर्ज आधी जातात, हुकूमनामा बराच टिकतो. ‘नष्ट’ असा शेरा आला तर दाव्याची नोंदवही मागा. फाईल गेली तरी वहीतली ओळ राहिलेली असते.

दिवस पाचवा, शुक्रवार : कोल्हापूर

आजोबांचा संस्थानाशी संबंध नसेल तर हा दिवस गाळा. १ मार्च १९४९ ला विलीन होईपर्यंत कोल्हापूरचं न्यायखातं वेगळं, सनदही दरबारची. मुंबईची सनद असलेला इथे आपोआप उभा राहू शकेल असं नव्हतं, म्हणून एकाच घरात दोन सनदा निघतात. शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजातल्या शिकलेल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, त्या याच अधिकारात. अशा घरातल्यांनी मुंबईच्या कॅलेंडरात शोधत बसू नये. थेट इथल्या पुरालेखागारात जाऊन दरबारचे हुकूम मागावेत. मोडी वाचणारा सोबत हवाच.

दिवस सहावा, शनिवार : परत सातारा

शनिवार दुसरा किंवा चौथा नाही ना, हे कॅलेंडरात रविवारीच पाहिलेलं असावं.

हुकूमनाम्याची नक्कल मिळाली तर निकाल वाचण्याआधी शेवटचं पान उघडा. तिथे खर्चाचा तक्ता आहे. डावीकडे वादीचा, उजवीकडे प्रतिवादीचा. ओळी ठरलेल्या : दाव्याचा स्टँप, वकीलपत्राचा स्टँप, पुराव्याच्या कागदांचा स्टँप, वकिलाची फी, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी, समन्स बजावणी. समोर रुपये, आणे, पै असे तीन रकाने. बारा पैचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया हे विसरून बेरीज केली की तक्ता चुकीचा वाटतो. वकिलाच्या फीपुढचा आकडा म्हणजे आजोबांची कमाई नव्हे. दाव्याच्या रकमेवर नियमाने बसणारी ती फी, हरणाऱ्याकडून वसूल व्हायची. आशिलाने खरं किती दिलं, की भाताची पोती आणून टाकली, ते तिथे येत नाही.

आणि वकीलपत्र टिकलेलं असेल तर त्याची मागची बाजू पाहायलाच हवी. पुढे आशिलाची सही किंवा अंगठा असतो. ‘स्वीकारले’ असं लिहून वकिलाने केलेली सही पुष्कळदा मागे. नक्कल टाइप करून मिळाली तर तिथे फक्त ‘सही’ एवढाच शब्द येतो. अक्षर पाहायचं असेल तर मूळ फाईल पाहण्याची परवानगी वेगळी मागावी लागते, आणि त्यासाठी वेगळा अर्ज. तो गुरुवारीच नक्कल अर्जाबरोबर टाकावा.